तीन सुया की पाच

आमची पलटण उत्तरेच्या डोंगरात गेली तेव्हा मी लान्स नाईक होतो. त्याआधी आम्ही राजस्थानच्या वाळूत होतो, त्यामुळे कुठं झाड दिसलं तरी कौतुक वाटायचं. पोस्टचं नाव सांगत नाही, कारण तिला नावच नव्हतं. नकाशावर नुसता आकडा होता. मागे मोठा डोंगर, पुढे नाला, नाल्यापलीकडे समोरच्यांची पोस्ट. आमच्या सेक्शनमध्ये बहुतेक पोरं भोर, वेल्हे, मुळशीकडची. गावाकडचं कुणीतरी सोबत असलं की बर्फातही बरं वाटतं.

सेक्शन कमांडर हवालदार किसन. हा भोंगवलीचा. उंचीला बेताचा, आवाजाला मोठा. रेडिओ ऑपरेटर रशीद मुलाणी, भोरचा. त्याच्या वडलांची लाकडाची वखार, त्यामुळे लाकूड चिरलं की वासावरून जात सांगायचा. मात्र झाड उभं असलं की त्याला आंबा आणि जांभूळ यापलीकडे फारसं काही कळायचं नाही. तिसरा मी, विंझरच्या वर डोंगरात आमची वाडी आहे तिथला. आम्ही देवराईच्या कडेला वाढलेलो. त्या राईतलं वाळलेलं पानसुद्धा घरी आणायचं नाही, ही शिस्त आईच्या दुधाबरोबर मिळालेली. पलटणीतली शिस्त मला कधी जड गेली नाही त्याचं कारण तेच असावं.

पोचलो ते अंधारात. सकाळी स्टँड-टू, म्हणजे पहाटेचा हत्यारबंद पहारा, संपलं, उजाडलं, आणि मी बंकरबाहेर येऊन जागच्या जागी उभा राहिलो. चहूकडे झाडं. सरळ, उंच, माथा बघायचा तर टोपी हातानं धरावी लागेल अशी. तिघांनी हात लावले तरी कवेत येणार नाही असं एकेक खोड. वारा नव्हता तरी वरून एक बारीक घोष चालला होता, थांबतच नव्हता. वासही होता, राळेसारखा. मी आपसूक बूट काढायला वाकलो. देवराईत चपला काढूनच जायची सवय. किसनदादा मागून ओरडला.

"शंकऱ्या, बूट काढतुयास का काय? बोटं गळून पडत्याल."

"न्हाई दादा. लई झाडं हायत."

"सुरूच हाय सगळा. आपल्याकडं काय सुरू न्हाई का?"

आम्हा सगळ्यांना तो सुरूच वाटत होता. गावाकडं टोकदार पानांचं, उंच असं झाड म्हटलं की सुरू. त्यापलीकडे आमची अक्कल नव्हती.

तिसऱ्या दिवशी कंपनी कमांडर मेजर साहेबांनी सगळ्यांना फॉल-इन केलं. साहेब गढवालचे, याच झाडांत वाढलेले. वाटलं, शस्त्रांची तपासणी असेल. साहेबांनी खिशातून दोन डहाळ्या काढल्या.

"ये क्या है?"

"सुरू, सर!" सगळे एका आवाजात.

साहेब हसले नाहीत. एकेकाच्या हातात पानं दिली. पानं म्हणजे सुयाच, वीतभर लांब. म्हणाले, सुया सुट्या उगवत नाहीत, जुडीनं उगवतात. बुडाशी एक बारीक म्यान असतं, त्यात किती सुया आहेत ते मोजा. एका डहाळीच्या जुडीत तीन निघाल्या. दुसऱ्या डहाळीच्या सुया बारीक, मऊ, निळसर झाक असलेल्या. त्या पाच निघाल्या.

तीन सुयांचं ते चीड. पाच सुयांचं ते कैल. चीडचं फळ मुठीएवढं, लाकडासारखं टणक. कैलचं दोडक्यासारखं लांब आणि बोटाला चिकटणारं. चीडची साल जाड, तिच्या मोठ्या खपल्या, मध्ये खोल भेगा. पण साहेबांचा भर सुयांवर. फळ घरंगळत जातं, म्हणाले, साल अंधारात फसवते, सुई फसवत नाही. "पहले गिनो, फिर बोलो."

चीड हे नाव ऐकल्यावर सगळ्या सेक्शननं किसनदादाकडं बघितलं. त्याच्या रागाची ख्याती होतीच. तोही हसला, पण नंतर ज्यानं जास्त दात काढले त्याला पाणी आणायला पिटाळलं.

मग साहेबांनी कामाचं सांगितलं. आमच्या मागच्या डोंगराला खिंड होती. खिंड ओलांडून पलीकडच्या पोस्टपर्यंत लिंक पेट्रोल, म्हणजे दोन पोस्टना जोडणारी गस्त, जायची आणि त्याच दिवशी परत यायची. खिंडीच्या माथ्यावर झाड नाही, नुसतं गवताचं पठार. तिथून आमच्या बाजूला दोन घळी उतरतात. सुरुवातीला दोन्ही शेजारी शेजारी, एकाच दिशेला. मग मध्ये डोंगराचा दांड उभा राहतो. एक घळ सावलीच्या अंगाला वळते आणि आपल्या पोस्टवर येते. दुसरी उन्हाच्या अंगाला वळते, आणि तिच्यात जुनं माइनफिल्ड आहे. त्याचं तारेचं कुंपण बर्फ पडला की दिसत नाही, आणि बर्फाबरोबर सुरुंग जागचे हलतात ते वेगळंच.

"सावलीत कैल उगवतं, उन्हात चीड," साहेब म्हणाले. "त्या उंचीवर डोंगराची बाजू बदलली की झाड बदलतं. धुकं असेल, कंपास कामाचा नसेल, तर झाडाला विचारा."

कंपास दिशा सांगतो. पायाखाली कुठली घळ आहे ते सांगत नाही.

मला हे ऐकून जे वाटलं ते अजून आठवतं. एकाच डोंगराच्या दोन अंगांना दोन जाती, आणि माणसानं काही न करता त्यांनी आपली हद्द सांभाळलेली. आमच्याकडं बांधावरून भाऊभाऊ कोर्टात जातात. इथं झाडांनी ते परस्पर मिटवलं होतं.

किसनदादानं मात्र त्या दिवसापासून सेक्शनचं जगणं अवघड केलं. कोण कुठं सापडेल तिथं हातात जुडी द्यायचा. अंघोळीला निघालेल्याला, चहा पिणाऱ्याला, एकदा तर लंगरवाल्याला.

"मोज."

"कैल, हवालदार."

"म्या नाव इचारलं का? मोज म्हनलं."

मग म्यान सोलून, एकेक सुई वेगळी करून, मोठ्यानं मोजायचं. चुकला की पाण्याची फेरी. पुढं पुढं तो डोळे मिटून, हातमोजा काढून, नुसत्या बोटांनी मोजायचा सराव करायला लागला. आम्ही त्याच्या माघारी त्याला मास्तर म्हणायचो. मला वाटतं त्याला त्या झाडांचं वेडच लागलं होतं, फक्त कबूल करायचं नव्हतं. वसंतात त्या झाडांचा पिवळा पराग उडतो. एका सकाळी सगळं रान धुरळल्यासारखं झालं. हेल्मेटवर, चहात, रायफलीवर पिवळी भुकटी बसली. रशीद वैतागून सेट पुसत होता. किसनदादा उघड्या डोक्यानं तसाच उभा होता. खांद्यावर पिवळं, मिशीवर पिवळं. तो म्हणाला, "जेजुरीला आल्यावानी वाटतंय." बराच वेळ हलला नाही.

आता आमच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

वेल्ह्याकडं घाटवाट चढून माथ्यावर आलं की तिथं दगडांची रास असते. जाणारा येणारा त्यावर हिरवा पाला नाहीतर खडा टाकतो. कुणासाठी, ते विचारायचं नाही. चढ संपला, देवानं वर आणलं, म्हणून टाकायचा. आम्ही पहिल्यांदा ती खिंड चढलो तेव्हा कुणी न सांगता दगड गोळा झाले. आमच्या घळीच्या तोंडाशी रास उभी राहिली. वर येताना शेवटच्या कैलच्या झाडाखाली पडलेली डहाळी उचलायची आणि राशीवर खोचायची. रशीदही खोचायचा. भोरहून कोकणात उतरताना त्याचे वडील घाटमाथ्यावर असंच करायचे म्हणे. मेजर साहेबांनी एकदा ती रास बघितली. काय आहे विचारलं, ऐकून घेतलं आणि स्वतः एक दगड ठेवला. वाटेवर खुणेसाठी रोवलेले खांब बर्फात बुडाले तरी रास दिसायची. त्यामुळे ती आमची खूण झाली.

डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही आठ जण लिंक पेट्रोलला गेलो. सकाळी निघालो तेव्हा आभाळ मोकळं होतं. पलीकडच्या पोस्टवर बॅटऱ्या दिल्या, चहा घेतला, परत फिरलो. दुपारी दोनच्या सुमारास खिंडीच्या पठारावर आलो आणि ढग खाली उतरला. पाठोपाठ बर्फ. हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. जीपीएस होता, पण थंडीनं त्याची बॅटरी बसली. नव्या बॅटऱ्या आम्ही नुकत्याच पलीकडे देऊन आलो होतो.

रशीदनं सेट लावला.

"माइक टू फॉर माइक वन. खिंडीवर आहोत. दिसत काही नाही. ओव्हर."

"माइक वन. थांबू शकता का? ओव्हर."

किसनदादानं मागं बघितलं. आमच्यातल्या एकाच्या बुटात बर्फ शिरला होता आणि त्याचा पाय बधिर झाला होता. वारा वाढत होता. रात्र त्या उघड्या पठारावर काढली असती तर त्याचा पाय गेला असता, कदाचित एकदोघे उठलेही नसते.

"सांग, खाली येतुया," किसनदादा म्हणाला.

दोरीला धरून आम्ही एकामागे एक निघालो, तो पुढं, काठीनं चाचपत. पठाराची कड आली. काठी दगडाला लागली. तो गुडघ्यावर बसला आणि बर्फ बाजूला केला. रास होती. वर डहाळी खोचलेली. त्यानं दातानं हातमोजा काढला.

"पाच," तो म्हणाला. "कैल. आपली रास."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. घळीत उतरायला लागलो. पुढं किसनदादा, त्याच्यामागं मी, मध्ये रशीद सेट घेऊन, मग बाकीचे. अंतर ठेवून, पुढच्याच्या पावलावर पाऊल. उतार नेहमीसारखाच वाटत होता. बर्फाखाली सगळेच उतार सारखे असतात.

पहिलं झाड धुक्यातून एकदम समोर आलं. मोठं खोड, त्याला लागून एक रोपटं, माझ्या कमरेएवढं. किसनदादा थांबला. मला वाटलं, दम घेतोय. त्यानं हातमोजा काढला आणि रोपट्याच्या शेंड्याला हात घातला.

एक जुडी तोडून मोजली, मग दुसरी चाचपली, मग तिसरी.

"शंकर," तो म्हणाला. शंकऱ्या नाही, शंकर. "हालू नको. मागं सांग, जिथं हायती तिथंच उभं ऱ्हा म्हनावं."

मी मागे सांगितलं. मग विचारलं, "काय झालं?"

"तीन हाय."

"दादा, राशीवर पाच व्हती."

"म्हाईत हाय. हितं तीन हाय. दुसरी जुडी बघितली, तीन. तिसरी बघितली, तीन."

"एखादं झाड चुकून आलं असंल."

"रशीद, तुझ्या बाजूला खोड हाय का?"

रशीद माझ्या मागे, पाचसहा पावलं वर उभा होता. त्याच्या डाव्या हाताला खोड होतं. पाय न हलवता तो वाकला, हात फिरवला.

"खपल्या हायत. मोठ्या. आन..." तो थांबला. "हितं खोडाला खाचा मारल्यात, हवालदार. खाली डबा ठोकलाय पत्र्याचा. गंजलाय. वास टर्पेंटाइनचा."

लिसा, म्हणजे चीक. गावकरी तो चीडच्या झाडातून काढतात, त्या भागात कैलच्या नाही. सुरुंग पेरायच्या आधी कधीतरी इथं माणसं येत होती, डबे लावत होती. एक डबा राहून गेला होता.

शंका उरली नाही. आम्ही उन्हाच्या अंगाला होतो. कुंपण ओलांडून आत.

तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला. ती रास आमची नव्हती. आठवड्यापूर्वी आमच्याच कंपनीचा दुसरा सेक्शन कुंपणाच्या तारा तपासायला या घळीच्या तोंडाशी आला होता. तीही पोरं आमच्याच मावळातली. माथ्यावर आले आणि सवयीनं रास रचली. येताना आपल्या बाजूची डहाळी हातात होतीच, ती वर खोचली. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. मी असतो तर मीही खोचली असती. पण पाच सुयांची डहाळी तीन सुयांच्या घळीवर जाऊन बसली.

किसनदादानं ऑर्डर दिली. आवाज नेहमीचा, थोडा वैतागलेला.

"नीट ऐका. आपण माइनफिल्डमध्ये हाय. कुनी घाबरायचं न्हाई, कुनी बाजूला पाय टाकायचा न्हाई. जाग्यावर वळा. शेवटचा आता पयला. आपापल्या पावलातच पाय. एक जण वर पोचल्याबिगर दुसऱ्यानं हालायचं न्हाई."

शेवटचा पहिला झाला, म्हणजे पहिला शेवटचा. किसनदादा आपोआप सगळ्यात मागं राहिला. हे त्यानं ठरवून केलं असं म्हणणार नाही. तो पुढं होता, म्हणून मागं राहिला. पण पुढं राहायचं त्यानं रोजच ठरवलेलं असायचं.

एकेक जण वर गेला. बर्फ पडत होता, पावलं भरत होती, तरी दिसत होती. किसनदादा खालून नाव घ्यायचा, तो माणूस हलायचा. वरून "पोचलो" आलं की पुढचं नाव. रशीद गेला. मग माझं नाव आलं. मी वर चढलो, पठारावर पाय ठेवला आणि ओरडलो, "पोचलो!"

"येतुया," तो म्हणाला.

धुक्यात तो दिसत नव्हता. त्याचा श्वास ऐकू येत होता. अर्ध्याहून जास्त वर आला असेल. मग बर्फाचा थर सुटल्याचा आवाज आला, पोतं ओढल्यासारखा, आणि पाठोपाठ स्फोट.

मी खाली झेपावलो असणार, कारण रशीदनं माझा पट्टा धरला होता. खालून आवाज आला.

"खाली कुनी येऊ नका!"

तो जिवंत होता. रशीद सेटवर बोलत होता. आवाज कापत नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. मेजर साहेबांचा आवाज आला.

"माइक वन. तो घसरलाय ती खूण दिसतेय का? ओव्हर."

"दिसतेय सर. चर पडलाय. ओव्हर."

"त्या चरातूनच. एकच माणूस. दोरी बांधून, संगिनीनं टोचत. आउट."

मी गेलो. पोटावर, चर सोडून कुठंही हात न टेकता. खाली मोठ्या खोडाला पाठ लावून किसनदादा पडला होता. तेच पहिलं झाड. त्याच्या पलीकडं दोन पावलांवर कडा तुटलेला होता, खाली नाला. झाड नसतं तर तो सापडलाही नसता. पायाची स्थिती मी सांगत नाही. मी रक्त थांबवायला टूर्निके आवळून बांधला. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"समदी वर हायती?"

"समदी हायती."

"मोजली?"

"मोजली दादा. सात."

त्याच्या हातात त्या रोपट्याची जुडी होती. मघाशी तोडली, ती त्यानं टाकली नव्हती. माझ्यापुढं धरली.

"बघ नीट. बोटं बधिर झालती माझी. तीनच ना?"

सुरुंग फुटला होता. आणखी कसला पुरावा हवा होता? पण त्याला मोजून हवं होतं. मी ती जुडी घेतली, म्यान सोललं, त्याच्या डोळ्यांसमोर एकेक सुई वेगळी केली आणि मोठ्यानं मोजली. एक. दोन. तीन.

"मंग बरं," किसनदादा म्हणाला.

त्यानंतर तो बोलला नाही. त्याला दोरीनं वर घेतलं तेव्हा तो गेलेला होता.

त्याला पठारावर ठेवलं आणि साधारण पाऊण तासानं ढग उठला. असं पुस्तकात लिहिलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण डोंगरात असंच होतं. आधी वारा पडला, मग पडदा सरकला, आणि दोन्ही घळी तळापर्यंत दिसल्या. सावलीच्या अंगाला कैल, निळसर, दाट. उन्हाच्या अंगाला चीड, पोपटी, मोकळं. मध्ये दांडाच्या पाठीवरून सरळ हद्द गेलेली. बर्फ दोन्हीकडं सारखा पडला होता. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यातूनही मला ते सुंदर दिसलं, याची मला तेव्हा लाज वाटली. आता वाटत नाही. एवढं मोठं काहीतरी समोर उभं होतं आणि त्यानं आम्हाला खरं तेच सांगितलं होतं. आमच्यात ते ऐकणारा एकच होता. त्याला खांद्यावर घेऊन आम्ही सावलीच्या घळीनं उतरलो. बुटात बर्फ शिरलेल्या त्या पोराचा पाय वाचला.

बरीच वर्षं झाली. मी हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि वाडीवर भात करतो. रशीद भोरला वडलांची वखार बघतो. दरवर्षी त्या दिवशी तो टेम्पो घेऊन विंझरला येतो आणि आम्ही दोघं भोंगवलीला जातो. किसनदादाची बायको आधीच वारली होती. घरी आई आणि धाकटा भाऊ. आईला आम्हीही आईच म्हणतो. ती चहा करते, आम्ही पितो, शेताचं, पावसाचं बोलतो. त्या दिवसाचं फार बोलत नाही.

गेल्या वर्षी अंगणात नवं झाड दिसलं. पुरुषभर उंच, फांद्यांचे मजले एकावर एक, अगदी मापात. भोवती दगडांचं आळं, बुडाशी हळदकुंकू. धाकट्या भावानं शिवऱ्याजवळच्या रोपवाटिकेतून आणलं होतं. पाइनचं झाड द्या, म्हणून मागितलं, त्यांनी दिलं. फसवलं असं नाही. त्या झाडाच्या नावातही पाइन आहे. पण ते पाइन नव्हे. ती जातच वेगळी.

मी जवळ गेलो. हात आपोआप शेंड्याकडं गेला. जुडी नव्हती, म्यान नव्हतं. आखूड पानं थेट फांदीला चिकटलेली. मी रशीदकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. त्यालाही कळलं होतं.

आई तांब्या घेऊन बाहेर आली. पंचाहत्तरीच्या पुढची बाई, कमरेत वाकलेली.

"रोज पानी घालते," ती म्हणाली. "तुमी सांगितलं व्हतं, झाडानं धरला म्हनून माजा किसन घरी आला. ह्येच ना त्ये झाड?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. रशीद तेच सांगत होता, डोळ्यांनी. मीही तोंड उघडलं ते हो म्हणायलाच. पण समोर किसनदादा उभा राहिला, बधिर बोटांत जुडी धरून. त्याच्या आईला मी न मोजता कसं सांगू?

"न्हाई आई," मी म्हणालो. "ह्ये त्ये न्हवं."

तिनं तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, हिला आपण उगाच दुखावलं.

"मंग त्ये कसं असतंय?"

मी सांगितलं. खोड केवढं, साल कशी, माथा किती वर, वाऱ्यात कसं बोलतं. सुया वीतभर, एका म्यानात तीन. ती ओट्यावर बसली. झाडू टेकवून ठेवला होता, त्यातली तीन हिरं तिनं उपसली, बुडाशी चिमटीत धरली आणि विचारलं, "आशी?"

"आशीच."

"आन त्येनं वळखलं व्हतं? किसननं?"

"त्येनंच वळखलं, आई. आमी समदे चुकलो व्हतो. त्येला एकट्याला कळलं. म्हनून आमी दोघं हितं चा पितुया."

रशीद उठून टेम्पोकडं गेला आणि तिकडंच तोंड करून उभा राहिला. आईनं ती हिरं बराच वेळ हातात फिरवली. मग म्हणाली,

"त्या झाडाला कोन पानी घालतं रं?"

"तिथं बर्फ पडतो, आई. कुनाला घालावं लागत न्हाई."

"आसं," ती म्हणाली. उठली, तांब्या उचलला आणि सगळं पाणी आळ्यात ओतलं. "मंग ह्येला तरी घालते."